चार वर्षांची जागा

माझ्या लॅपटॉपच्या स्पेसबारवर एक गुळगुळीत डाग आहे. अगदी मधोमध नाही, किंचित उजवीकडे, आकार चिंचोक्याएवढा. बाकीचा स्पेसबार खरखरीत, मळकट काळा आहे, तेवढी जागा मात्र खिडकीतला उजेड परत पाठवते. प्लास्टिक असं झिजायचं तर ते एकाच बोटाने, एकाच कोनातून, वर्षानुवर्षं दाबावं लागतं. ते बोट म्हणजे माझा उजवा अंगठा. हल्ली तो मुळाशी सुजलेला असतो, म्हणून मी डाव्या अंगठ्याने स्पेस देते. डाव्या बाजूला अजून डाग पडलेला नाही.

हे सगळं मी इतक्या बारकाईने कधी पाहिलं नसतं. पाहायची वेळ आली ती यशोधनने त्या लॅपटॉपवर ‘अदमास’ ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवल्यानंतर.

यशोधन माझा नवरा. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत जुन्या यंत्रांना नवे कंट्रोलर बसवायचं काम करतो. एखादा म्हातारा लेथ भंगारात काढायची गोष्ट निघाली की त्याचा चेहरा उतरतो. “ओतकाम बघ की त्याचं,” तो म्हणतो, “असलं लोखंड आता कुठं मिळतंय? डोकं नवं घालायचं. अंग अजून पोलादासारखं आहे.” तर मी जेव्हा म्हटलं की माझा लॅपटॉप आता पुरे झाला, नव्या फायली उघडत नाहीत, रोज सकाळी ‘या उपकरणाला यापुढे अद्ययावत सेवा मिळणार नाही’ असा निरोप दाखवतो, नवा घेऊ या, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातलं माणूस बाहेर काढायला निघाले होते.

“एक रविवार दे मला,” तो म्हणाला.

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर पोह्यांची बशी बाजूला सारून तो लॅपटॉप घेऊन बसला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून त्याने एकदाच विचारलं, “हेमा, तुझं जुनं सगळं ह्याच डिस्कवर आहे न्हवं?”

“आहे. का रे?”

“काही नाही. असू दे.”

दुपारी लॅपटॉप सुरू झाला तो कुकरची एक शिट्टी व्हायच्या आत.

अदमासमागची कल्पना साधी आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. मी एक अक्षर दाबते आणि दुसरं दाबते, त्या मधल्या क्षणात त्याच्या दृष्टीने युग उलटतं. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीम हे युग वाट पाहण्यात घालवायच्या. आज्ञा आली की कामाला लागायच्या. अदमास वाट पाहत नाही. समोरचा माणूस पुढे काय करेल याचा ती अंदाज बांधते आणि ते काम आधीच करून ठेवते. फाइल उघडून ठेवते, आलेख काढून ठेवते, वाक्याचा उरलेला भाग लिहून ठेवते. अंदाज बरोबर निघाला तर काम लगेच समोर येतं. चुकला तर ती ते गुपचूप टाकून देते. त्यामुळे जुनं यंत्र नव्यासारखं चपळ वाटतं. खरं तर ते जराही जोरात पळत नसतं. आधी निघालेलं असतं, इतकंच.

पण अंदाज बांधायचा तर माणूस माहीत हवा. त्यासाठी अदमास डिस्कवरच्या जुन्या खुणा चाळते. कोणती फाइल कधी उघडली, कोणतं वाक्य लिहून खोडलं, कुठल्या शब्दापाशी हात थांबला. त्यातून त्या माणसाचा एक नमुना तयार होतो. नव्या लॅपटॉपमध्ये या कामासाठी वेगळी चिप असते. तिच्यात माणसाचं अख्खं आयुष्य मावतं आणि रोज त्यात भर पडते. जुन्या यंत्रात तेवढी जागा नसते. चार वर्षांचा नमुना मावतो, त्याहून जास्त नाही, आणि एकदा बसवला की तो तसाच राहतो. म्हणून बसवतानाच विचारलं जातं: कोणती चार वर्षं?

हे शेवटचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर वटवाघळं होती.

म्हणजे त्यांचे आवाज. काळ्या पट्टीवर पिवळ्या, तिरक्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे एक हाक. राधानगरीच्या पलीकडे धरणाच्या कामात अर्धवट सोडलेला एक बोगदा आहे. पावसाळ्याआधी तिथल्या माद्या आपली पिल्लं भिंतीवर एकत्र चिकटवून ठेवतात आणि किडे खायला बाहेर पडतात. परत आल्यावर त्या शेकडो पिल्लांतून प्रत्येक आई आपलंच पिल्लू शोधून काढते. कशी, हा माझा विषय होता. त्यांचा आवाज आपल्या कानांच्या वरच्या पट्टीतला. तो खास मायक्रोफोनने टिपायचा, दहापट संथ करायचा आणि मग ऐकायचा. एके काळी माझी प्रत्येक सकाळ आदल्या रात्रीचे आवाज ऐकण्याने सुरू व्हायची.

आता ती सातवीच्या विज्ञानाने सुरू होते. लेक लहान होती म्हणून मी संशोधन बाजूला ठेवलं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग एका प्रकाशकाने पाठ्यपुस्तकं लिहायचं-तपासायचं काम दिलं आणि ते मला बरं जमलं. लेक आता बंगळूरला असते, सासूबाई गेल्या. पाठ्यपुस्तकं चालू आहेत.

मी वटवाघळं बंद केली आणि ‘ध्वनी’चा धडा उघडला. ‘ध्वनी हा ऊर्जेचा एक प्रकार आहे’ एवढं लिहून मी थांबले. पुढे फिकट अक्षरांत वाक्य उमटलं: ‘आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे शांतता आहे, असं समजू नका.’

वाक्य चांगलं होतं. मी ते ठेवलं. संध्याकाळी प्रकाशकाच्या संपादकाचा निरोप आला: या वेळी धड्याची सुरुवात फार जिवंत झाली आहे.

त्या निरोपाचा मला आनंद व्हायला हवा होता. वाक्य माझ्याच जुन्या लिखाणातून घडलं होतं. कोणत्याही अर्थाने ते परक्याचं नव्हतं. तरी दिवसभर ते मला टोचत राहिलं. एखाद्या बाईचा हेवा वाटला आहे मला, तिच्या केसांचा, तिच्या पदवीचाही. वाक्याचा पहिल्यांदाच वाटला.

यशोधनला मात्र नवं खेळणं मिळालं होतं. कामावरून आला की तो चहा घेऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढायचा आणि पडद्यावर फिकट अक्षरांत काय येतं ते वाचायचा.

“ही बघ काय म्हणते!” तो हसायचा. मी प्रकाशकाला ‘कृपया आकृती पाहून घ्यावी’ असं लिहीत होते आणि तिने सुचवलं होतं, ‘ही आकृती कोणी काढली? हिच्यातल्या वटवाघळाला कान नाहीत.’

“हे पाठवणार नाही मी.”

“पाठव की. खरं आहे ते.”

“यशोधन, ‘ही’ कोण?”

“अं?”

“ही बघ काय म्हणते, म्हणालास.”

“सिस्टीम गं,” तो म्हणाला आणि चहा प्याला. पण माझ्याकडे न पाहता प्याला.

*

दिलशाद मुजावर माझी जुनी मैत्रीण. बोगद्यात आम्ही दोघी एकाच दोरीला धरून उतरायचो. मी बाहेर पडले, ती टिकून राहिली, आणि आता दाजीपूरच्या जंगलाकाठचं संशोधन केंद्र तिच्या हाताखाली आहे. दर उन्हाळ्यात तिचा फोन यायचा, “येतेस का?” आणि मी म्हणायचे, “बघते.”

त्या आठवड्यात तिचा मेल आला. केंद्रातल्या ध्वनिसंग्रहाचं काम पाहायला कायमचा माणूस हवा आहे. आवाज ओळखायचे, टिपणं लिहायची, राहायला खोली. सोमवारपर्यंत नाव कळवायचं आहे. ‘हेमे, या वेळी मी दुसऱ्या कुणाला घेतलं तर पुन्हा विचारणार नाही. विचारायला जागाच उरणार नाही. सोबत बोगद्यातली चार ताजी ध्वनिमुद्रणं पाठवतेय, नुसती ऐक.’

मी उत्तराची खिडकी उघडली. ‘दिलशाद,’ एवढंच टाइप केलं. स्वल्पविरामानंतर लगेच फिकट अक्षरं आली:

‘मी येतेय! खोली जंगलाकडची दे.’

मी ते खोडलं. पुन्हा ‘दिलशाद,’ लिहिलं. पुन्हा तेच.

मला जायचं होतं का? हो, बहुतेक. पण तिने ते माझ्याआधी म्हणून टाकलं होतं, तेही उद्गारचिन्हासकट. आता मी ‘येते’ म्हटलं तर ते तिचं म्हणणं होणार होतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर ते तिच्यावरच्या रागाने म्हटलेलं. मी लॅपटॉप बंद केला आणि सातवीच्या धड्याचे कागद काढून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तेव्हा चारही ध्वनिमुद्रणं तयार होती. मी त्यांना हातही लावला नव्हता. अदमासने रिकाम्या वेळात ती साफ केली होती, प्रत्येक हाकेवर खूण केली होती आणि खाली टिपण लिहिलं होतं, नेमकं, भरधाव, खोडसाळ. तिसऱ्या ध्वनिमुद्रणाखाली होतं: ‘हे पिल्लू भुकेलं नाही, नुसतं हट्टी आहे. खात्री करायला उद्या पुन्हा ऐकू.’

मी हसले. मग हसल्याचा राग आला. टिपणं मी दिलशादला जशीच्या तशी पाठवून दिली, फक्त वर लिहिलं: हे मी केलेलं नाही, माझ्या लॅपटॉपने केलंय.

तासाभरात फोन. शनिवार होता, यशोधन घरीच होता. मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत होते.

“अगं बये!” दिलशाद ओरडली. “वाचताना मला वाटलं आपण दोघी पुन्हा त्या दोरीवर आहोत. हट्टी पिल्लू! किती वर्षांनी ऐकला हा आवाज मी.”

“मी बोलते की तुझ्याशी, दर उन्हाळ्यात.”

“तू बोलतेस गं, पण अशी नाही बोलत.” ती म्हणाली. “आमच्याकडची यंत्रं आवाज साफ करतात, तुझ्याच पद्धतीनं करतात, पण टिपणं असली नाही लिहीत कुणी. एक सांगू? चिडू नकोस. तुला यायचं नसेल ना, तर तो लॅपटॉप तरी पाठव. ठेवून घेईन मी संग्रहात. वीज खाईल तेवढीच.”

ती हसली. तिच्या हसण्याखाली एक खराखुरा प्रश्न होता. दिलशाद पैज लावल्यासारखी हसते तेव्हा तो नेहमी असतो.

“सोमवारपर्यंत,” ती म्हणाली. “तू नाहीतर ती. पण काहीतरी कळव.”

फोन ठेवल्यावर यशोधन गवारीची एक शेंग मोडत म्हणाला, “वाईट नाही कल्पना. तुझं पुस्तकांचं काम पण सुरू राहील, त्यांचं पण होईल. तुला घर सोडायला नको. नवा लॅपटॉप घेऊ आपण तुला.”

“आता नवा घ्यायचा?”

“म्हणजे, हा तिकडं उपयोगी पडत असेल तर…”

“भंगारात द्यायचं नाव काढलं की चेहरा पडतो तुझा. मला मात्र बदलून नवी घेऊ म्हणालास.”

“तुला कुठं, लॅपटॉपला म्हणालो.”

मी गवार तशीच सोडून उठले. दोन माणसांपुढे मी आणि एक यंत्र ठेवलं होतं आणि दोघांनाही यंत्र चालणार होतं. मला त्यांचा राग येत नव्हता. मला तिचा येत होता. तिचा उजवा अंगठा ठणकत नव्हता. तिला दोरीची भीती नव्हती. तिला कोणाचं अंथरूण बदलावं लागलं नव्हतं. तिने फक्त चार वाक्यं लिहिली आणि माझी मैत्रीण ओरडली, माझा नवरा हसला.

मग मला एक साधी शंका आली, जी विज्ञान शिकलेल्या बाईला पहिल्याच दिवशी यायला हवी होती: हीच का? मी या लॅपटॉपवर पाठ्यपुस्तकं जास्त वर्षं लिहिली आहेत. मग अदमासला ती जुनी, वटवाघळं ऐकणारी बाई का दिसते, आजची मी का नाही?

मी सेटिंग्ज उघडली. शोधावं लागलं नाही. ‘शिकण्याचा काळ’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. जून २०२९ ते मे २०३३. त्याखाली पट्टी होती, लॅपटॉप विकत घेतल्यापासून आजपर्यंतची सगळी वर्षं दाखवणारी, आणि त्यातली पहिली चार निवडलेली. बाकीची राखाडी.

*

“हे काय आहे?”

यशोधनने चष्मा कपाळावर सरकवला. “शिकण्याचा काळ.”

“ते वाचता येतं मला. ही चार वर्षं कोणी निवडली?”

“मीच की. त्यानं विचारलं. तू कपडे वाळत घालत होतीस, म्हटलं कशाला हाक मारायची.”

“आणि हीच का?”

“अगं, कंट्रोलर बसवताना आम्ही तेच करतो,” तो उत्साहाने सांगू लागला. “जुन्या लेथच्या नोंदी काढायच्या आणि ज्या काळात माल सगळ्यात चांगला निघाला, तो काळ नव्या डोक्याला शिकवायचा. शेवटची वर्षं शिकवली तर ते झिजलेलं चालणंच शिकतंय, मग…”

इथे तो थांबला. वाक्य कुठे चाललं आहे ते त्याला दिसलं.

“म्हणजे माझा माल तेव्हा चांगला निघत होता.”

“हेमा, मी यंत्राचं बोलतोय.”

“यंत्रावर कोण बसलं होतं?”

त्याने स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरला आणि न पिता परत आला.

“चहा टाकू?”

“नको. तुला ती हवी होती का परत? एवढंच सांग. मला राग नाही येणार.” हे अर्थातच खोटं होतं.

“ती कुठून आणणार मी?” तो खुर्चीत बसला. “खरं सांगू? त्या वर्षांत तू दारं आपटायचीस. प्रत्येक गोष्टीवर तुझं काहीतरी म्हणणं असायचं. माझ्या आईशी भांडायचीस, माझ्याशी भांडायचीस, त्या धरणाच्या इंजिनिअरशी फोनवर भांडली होतीस, आठवतंय? नंतर तू भांडणं सोडलंस. भाजी कुठली आणू, बघते. सुट्टीला जाऊ या का, बघते. दिलशादला पण बघते. मला वाटलं…” त्याने पेला टेबलावर ठेवला. “म्हटलं, ही तरी काही बोलेल.”

इतक्या वर्षांत त्याने मला याहून खरं काही सांगितलं नव्हतं, आणि याहून जास्त लागलंही काही नव्हतं. त्याला माझी उणीव भासत होती, माझ्याच शेजारी बसून. ती भरून काढायला त्याने मला हाक मारली नाही. माझी पहिली चार वर्षं निवडली.

“मी समोर होते, यशोधन. गॅलरीत. हाकेच्या अंतरावर.”

“हो,” तो म्हणाला. “चुकलं माझं ते.”

*

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला तो एकाच हेतूने: मला ती चुकलेली पाहायची होती.

दिलशादने पाठवलेली मूळ ध्वनिमुद्रणं, साफ न केलेली, तशीच मेलमध्ये होती. मी पहिलं उघडलं. अदमासने साफ केलेली प्रत समोर ठेवली. मी ती बंद करून पुन्हा मूळ उघडलं, तिने पुन्हा आपली प्रत पुढे केली. असं तीन-चारदा झाल्यावर तिने नाद सोडला.

मूळ ध्वनिमुद्रण घाण होतं. वर पिल्लांच्या पिवळ्या रेघा, आणि खाली, वीस किलोहर्ट्झच्या खालच्या पट्टीत, राखाडी गिचमिड. ही खालची पट्टी ती, म्हणजे तेव्हाची मी, नेहमी कापून टाकायची. त्यात तिची चूक नव्हती. तेव्हाचा स्वस्त मायक्रोफोन त्या पट्टीत स्वतःचीच खरखर करायचा. तिच्यात ऐकण्यासारखं काही उरत नसे. कापायची पद्धत तिने नीट लिहून ठेवली, ती लोकांनी उचलली. पण दिलशादचे मायक्रोफोन आता नवे होते. कात्री मात्र तीच राहिली होती, अदमासचीही आणि केंद्रातल्या यंत्रांचीही.

मी आवाज दहापट संथ केला आणि कानाला हेडफोन लावला. पाण्याचे थेंब. ओल्या भिंतीवरच्या किड्यांची किरकिर. आणि त्यांच्या मधून एक ठेंगणा, खाली उतरणारा स्वर, घशातल्या घशात म्हटल्यासारखा. त्यानंतर लगेच वरच्या पट्टीत एका पिल्लाची हाक. पुन्हा तो स्वर. पुन्हा तेच पिल्लू, आणखी जोरात.

मी हेडफोन काढला, पुन्हा लावला. दुसरं ध्वनिमुद्रण उघडलं. तिथेही होता. तिसऱ्यातही होता, चौथ्यात नव्हता.

तिने चार वर्षं असं मानलं होतं की पिल्लू ओरडतं आणि आई ते ओळखून येते. इथे उलटं होतं. आई आधी बोलावत होती, हळू, खालच्या आवाजात. टिपणात तिने हट्टी म्हटलेलं ते पिल्लू हट्ट करत नव्हतं. उत्तर देत होतं.

चार ध्वनिमुद्रणांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. थेंबाचा प्रतिध्वनी असू शकतो, दुसरी जात असू शकते. पण मला आनंद झाला, आणि तो काही चांगल्या जातीचा आनंद नव्हता. जावेच्या स्वयंपाकात मीठ कमी निघाल्यावर होतो तसला. हे तिला ऐकू आलं नसतं. तिला घेऊन हा लॅपटॉप दाजीपूरला गेला असता, तर कितीही वर्षं तिथे बसून तिने हा आवाज दररोज, मन लावून, कापून टाकला असता. मला ऐकू आला. सुजलेल्या अंगठ्याच्या, काही न बोलणाऱ्या बाईला.

मग एक गोष्ट आठवली आणि तो आनंद ओसरला. जागा पुरत नाही म्हणून केंद्रात आवाज साफ झाला की मूळ फाइल पुसून टाकतात. दिलशादनेच कधीतरी सांगितलं होतं. बोगद्यात पिल्लं आत्ता होती. आया आत्ता बोलावत होत्या. आणि तिकडे माझ्या नावाची कात्री चालू होती.

मी मेलची खिडकी उघडली. ‘दिलशाद,’ लिहिलं.

‘मी येतेय! खोली जंगलाकडची दे.’

मी लॅपटॉपचं झाकण आपटलं. इतक्या जोरात, की टेबलावरचा पेला थरथरला. स्वयंपाकघराच्या दारात यशोधन डब्याचं झाकण हातात धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, हे मी आणखी एकदा आपटावं.

मी फोन लावला.

“काय ठरलं?” दिलशाद म्हणाली. “लॅपटॉप पाठवतेस ना? मला दुपारी वरती नाव द्यायचंय.”

“लॅपटॉप नाही पाठवत. आधी एक कर. खालची पट्टी कापणं बंद करायला सांग. आत्ता. आणि मूळ फायली पुसू देऊ नकोस.”

“अगं, ती तुझीच पद्धत आहे हेमे.”

“होती. आता चुकीची आहे. खाली काहीतरी आहे, दिलशाद. आया आहेत बहुतेक.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मूळ फायली ठेवायच्या म्हणजे ऐकणार कोण त्या?” दिलशाद म्हणाली. “ती तुझी बाई नाही ऐकू शकणार म्हणतेस.”

“नाही ऐकू शकणार. खोली रस्त्याकडची दे.”

“जंगलाकडची मागायचीस की तू.”

“ती मागायची. मला त्या किरकिरीत झोप लागत नाही. आणि बोगद्यात मी उतरणार नाही, गुडघा ऐकत नाही. मायक्रोफोन तुझ्या पोरांनी लावायचे, मी बाहेर बसून ऐकणार. शनिवार-रविवार कोल्हापूरला यायचं, त्यात बदल नाही.”

यशोधनने डब्याचं झाकण अजून लावलं नव्हतं.

“हेमे,” दिलशाद म्हणाली, “मला कागदावर एक नाव लिहायचंय. नीट सांग. आणि ‘बघते’ म्हणालीस तर फोन ठेवीन.”

फोन मी उजव्या हातात धरला होता. अंगठा ठणकत होता.

“मी येते,” मी म्हटलं.